टप्पा आणि फलित : सामायिक कामाच्या करारनाम्यांविषयी

एसटीचे तिकीट किती रुपयांचे, हे ठरते टप्प्यांवर. एक टप्पा सहा किलोमीटरचा. वाटेत घाट लागो, पूल वाहून गेल्यामुळे वेळ लागो, टप्पा तेवढाच राहतो, आणि तो किती झाला यावर कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात सहसा वाद होत नाही. एसटीच्याही पुष्कळ आधी टपालाची थैली घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्यांचे टप्पे असत. ठरलेल्या जागी एक हरकारा थैली खाली ठेवी आणि दुसरा ती उचलून पुढे निघे. म्हणजे आपल्या भाषेत ‘टप्पा’ या शब्दाला दोन कामे आहेत. पैसे कुठवरचे द्यायचे ते तो सांगतो, आणि हात कुठे बदलता येईल तेही सांगतो.

दोन-तीन संस्था एकत्र येऊन कोश, सूची, बोलींची पाहणी, हस्तलिखितांची नोंद असे काही हाती घेतात तेव्हा करारनामा होतो आणि त्यात टप्पे लिहिले जातात. अशा करारनाम्यांत टप्प्याचा पहिला अर्थ टिकून आहे, दुसरा जवळजवळ हरवला आहे. माझ्या मते आपल्याकडची बरीच सामायिक कामे अर्धवट राहतात त्याचे एक मोठे कारण या हरवण्यात आहे. दोन जुनी, मोठी आणि अखेर पूर्ण झालेली कामे समोर ठेवून मी हे मांडणार आहे. एक इंग्लंडमधले, दुसरे पुण्यातले.

माझी उमेदीची वर्षे छापखान्यात गेली. कायद्याचे किंवा व्यवस्थापनाचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण छापखान्यातल्या माणसाला एक सवय लागते. ‘पुस्तक किती झाले?’ या प्रश्नाला तो ‘बरेच झाले’ असे उत्तर देत नाही. ‘सात फर्मे छापून झाले, आठव्याची प्रुफे लेखकाकडे आहेत,’ असे सांगतो. सोळा पानांचा फर्मा हा मोजता येतो, उचलता येतो आणि दुसऱ्याच्या हाती देता येतो. पुढचे सगळे विवेचन या सवयीतून आले आहे.

दहा वर्षांचा करार, एकोणपन्नास वर्षांचे काम

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५८ मध्ये इंग्रजीचा नवा कोश करण्याचे ठरवले. वाचकांनी पुस्तके वाचायची, शब्दाचा वापर दाखवणारे अवतरण एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि संपादकाकडे पाठवायचे, अशी योजना होती. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये तिशीतच वारला. त्याच्यानंतर काम फ्रेडरिक फर्निव्हलकडे आले. तो उत्साही माणूस होता. अक्षरे उपसंपादकांना वाटून दिली गेली आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे घरोघर गेले. पण कोणी, केव्हा, कोणत्या स्थितीत ते परत करायचे, याला काही बंधन नव्हते.

त्याचा परिणाम १८७९ मध्ये दिसला. त्या वर्षी १ मार्चला सोसायटी, ऑक्सफर्ड विद्यापीठाचा छापखाना आणि नवा संपादक जेम्स मरे यांच्यात करार झाला आणि जमलेला साठा मरे यांच्या घरी येऊ लागला. चिठ्ठ्यांचे वजन दोन टनांच्या आसपास भरले. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसह. ‘एच’ अक्षराचा गठ्ठा इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सापडला. ‘पी-ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात होत्या आणि त्यांतल्या कितीतरी विस्तव पेटवण्यात संपल्या होत्या. वीस वर्षे काम झाले होते, राबणारे प्रामाणिक होते, पण थैली खाली ठेवण्याची जागाच ठरलेली नव्हती.

१८७९ च्या करारात मात्र आकडे होते. दहा वर्षे, चार खंड, सुमारे ६,४०० पाने. म्हणजे वर्षाला ६४० पाने. पहिला भाग बाहेर पडला १८८४ च्या सुरुवातीला. त्यात ३५२ पाने होती आणि शेवटचा शब्द होता ‘अँट’, म्हणजे मुंगी. पाच वर्षांत मुंगीपर्यंत! छापखान्याचे विश्वस्त अस्वस्थ झाले, मरे यांच्यावर दडपण वाढले. १८८५ मध्ये ते शाळेची नोकरी सोडून ऑक्सफर्डला राहायला गेले. पुढे हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी आणि चार्ल्स अनियन्स हे आणखी तीन संपादक कामात आले. मरे १९१५ मध्ये ‘टी’ अक्षरावर काम करीत असताना वारले. शेवटचा भाग १९२८ च्या एप्रिलमध्ये निघाला. एकूण पाने १५,४९०, शब्दनोंदी ४,१४,८२५, अवतरणे १८ लाखांहून जास्त.

या आकड्यांवर थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. ठरलेली पाने ६,४०० आणि झालेली १५,४९०, म्हणजे कामाचा आकार जवळजवळ २.४ पट निघाला. ४९ वर्षांत १५,४९० पाने म्हणजे वर्षाला सरासरी ३१६, म्हणजे वेग ठरल्याच्या निम्मा पडला. २.४ ला २ ने गुणले की ४.८ येतात, आणि काळही साधारण तितकेच पट, दहाच्या जागी एकोणपन्नास वर्षे, लागला. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा ‘उशीर’ दिसतो. त्यातला मोठा वाटा मात्र काम किती आहे हे सही करताना कोणालाच माहीत नव्हते, याचा आहे. मरे यांनी कितीही घाई केली असती तरी तो वाटा कमी झाला नसता. राहिलेला वाटा वेगाचा. त्यात माणसांची कमतरता आली, महायुद्ध आले.

पण करारात दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बांधल्या होत्या. त्यामुळे दरवेळी चर्चा संपादकाच्या संथपणावर येई आणि आकाराचा प्रश्न नोंद लांब की आखूड या भांडणात अडके. नोंदी किती लांबू द्यायच्या हे वेब्स्टरच्या कोशाशी तुलना करून मोजले जाई आणि मरे ती मर्यादा सतत ओलांडत. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. छापखान्याला खर्च दिसत होता, मरे यांना शब्द दिसत होते.

या ओढाताणीत एक बदल फार उपयोगी पडला. सुरुवातीचे भाग साडेतीनशे पानांच्या आसपास असत आणि वर्षाला एखादा निघे. १८९५ पासून ठरले की दर तीन महिन्यांनी किमान ६४ पाने काढायची. मजकूर जास्त तयार असेल तर १२८ किंवा १९२ पाने एकत्र. भाग लहान, किंमत लहान, तारीख नक्की. ६४ पाने म्हणजे आमच्या हिशेबाने चार फर्मे. महायुद्ध सुरू होईपर्यंत हा क्रम चालला. टप्पा लहान केला म्हणून शब्द कमी झाले नाहीत, पण दर तीन महिन्यांनी काहीतरी पुरे होऊ लागले आणि वर्गणीदाराला ते हातात धरता येऊ लागले.

औंध आणि पुणे : दोघांची दोन फलिते

आता पुण्यात येऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. पुढच्याच वर्षी औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताची आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांच्या मनात होती सचित्र आवृत्ती. संस्थेतल्या विद्वानांच्या मनात होते वेगळेच. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या मिळवायच्या, ओळ ओळ ताडून पाहायची आणि जुन्यात जुना मिळू शकेल असा पाठ ठरवायचा. एकाच कामाकडून दोन भागीदारांच्या दोन अपेक्षा. अशा ठिकाणी करार मोडतो तरी, नाहीतर एक भागीदार मनातल्या मनात रुसून बसतो.

इथे तसे झाले नाही. चिकित्सक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर बाळासाहेबांचे नाव सहकार्य देणारे म्हणून आहे, आणि चित्रे त्यांनी काढल्याचाही उल्लेख आहे. पाठाचा निर्णय विद्वानांचा, चित्रांचा निर्णय राजांचा. दोन्ही फलिते वेगळी ओळखली गेली आणि एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात लुडबूड केली नाही. फलित एकच असले पाहिजे असा हट्ट बहुतेक करारनाम्यांत दिसतो. ‘मराठी संस्कृतीचे जतन व संवर्धन’ असे गुळगुळीत वाक्य घातले की सगळ्यांचे समाधान होते, आणि कोणाला काय हवे ते कोणालाच कळत नाही.

१ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. त्यानंतर संस्थेने आदिपर्वाला एकदम हात घातला नाही. ना. बा. उटगीकरांनी आधी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती तयार केली. ती १९२३ मध्ये छापली गेली आणि जाणकारांपुढे अभिप्रायासाठी ठेवली गेली. विराटपर्व हे त्या मानाने आटोपशीर पर्व. त्यावर पद्धत तपासून घेता आली. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग आला आणि १९३३ मध्ये ते पर्व पूर्ण झाले. विराटपर्वाची अखेरची चिकित्सक आवृत्ती रघुवीर यांनी संपादित केली, ती निघाली १९३६ मध्ये. म्हणजे चाचणीचे काम पुन्हा करावे लागले. आजच्या एखाद्या हिशेबतपासनिसाने त्याला ‘दुबार खर्च’ म्हटले असते. मला तो सगळ्या प्रकल्पातला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो. ऑक्सफर्डच्या करारात जे नव्हते ते इथे होते. पूर्ण कामाची पद्धत ठरवण्याआधी कामाचा एक तुकडा शेवटपर्यंत नेऊन पाहिला गेला.

दुसरी गोष्ट पाठ ताडण्याच्या तक्त्यांची. वर मूळ ओळ, खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि अक्षराखाली अक्षर येईल अशा रीतीने पाठभेद. बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात ताडल्या जात, दक्षिणेकडच्या लिप्यांतल्या काही पोथ्या तंजावरला. माणसे वेगळी, लिप्या वेगळ्या, पण तक्ता एकच. त्यामुळे शांतिनिकेतनात भरलेला तक्ता पुण्यातला माणूस वाचू शकत होता. शिवाय पाठ कसा निवडायचा याचे नियम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत सविस्तर छापून ठेवले. जानेवारी १९४३ मध्ये ते गेले. मोठी हानी झाली, पण काम थांबले नाही. श्री. कृ. बेलवलकर आले, पुढे प. ल. वैद्य आले. एकेक पर्व वेगवेगळ्या संपादकांनी केले होते, त्यांत सभापर्व करणारे अमेरिकेतले फ्रँकलिन एजर्टनही होते. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १९ ग्रंथ, १,२५९ पोथ्यांचा आधार, ४७ वर्षे.

कोलरिज गेल्यावर चिठ्ठ्या तबेल्यात गेल्या आणि सुकथनकर गेल्यावर तक्ते बेलवलकरांच्या मेजावर आले. माझा सगळा मुद्दा या दोन घटनांतल्या फरकात आहे. काम कोणत्याही क्षणी अशा अवस्थेत असावे की दुसऱ्याला ते उचलता यावे. टप्पा लिहायचा तो ही अवस्था ठरावीक काळाने यावी म्हणून.

आपल्याकडचे तिसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार गोळा केले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड पुरे केले. पैसा एका दात्याचा नव्हता, शेकडो लोकांचा होता. या लोकांना अहवालाने पटवता येत नाही. त्यांच्या घरी खंड पोचावा लागतो. खंड पोचणे हाच टप्पा होता आणि तो पोचला की नाही हे ठरवायला समिती लागत नव्हती. या कामाचा हिशेब केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडला आहे. सामायिक कामात पडणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे.

मग करारात काय लिहावे?

इतिहासावरून आजच्या कागदाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा बोलीविषयक प्रकल्प अक्षरजुळणीसाठी माझ्याकडे येणार होता, म्हणून त्याचा करार मी पाहिला. टप्पे होते : ‘२५ टक्के काम पूर्ण’, ‘५० टक्के काम पूर्ण’ आणि असेच पुढे. पन्नास टक्के कशाचे? गावांचे, शब्दांचे की ध्वनिमुद्रणांचे? संकलक म्हणत अर्धे झाले, संस्था म्हणे नाही. दुसरा हप्ता वर्षभर अडकला. मुलाखतीसाठी ठरवलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघे त्या वर्षात गेले. त्यांचे शब्द आता कोणत्याही हप्त्याने मिळणार नाहीत.

समजा, एका बोलीचा शब्दसंग्रह करायचा आहे. महाविद्यालय, स्थानिक मंडळ आणि एक दाता असे तीन भागीदार आहेत आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी पुढीलप्रमाणे लिहीन.

पहिला टप्पा लहान आणि संपूर्ण असावा. पहिल्या तीन महिन्यांत एकाच गावातले दोनशे शब्द घ्यावेत आणि ध्वनिमुद्रण, अर्थ, वापराचे वाक्य, सांगणाऱ्याची संमती, तपासणी आणि पान लावणे इथपर्यंत सगळे करावे. ‘पहिल्या तिमाहीत सर्व गावांची पाहणी’ असे लिहू नये. पाहणीतून कामाचा वेग कळत नाही, एक शब्द शेवटपर्यंत नेला की कळतो. हे आपले विराटपर्व.

त्यानंतर फेरविचाराचे कलम असावे. पहिल्या टप्प्यात लागलेला वेळ आणि खर्च पाहून एकूण शब्दसंख्या आणि मुदत यांवर तिन्ही पक्ष एकदा पुन्हा बसतील, असे करारातच लिहावे. मग बदल मागणे हा करारभंग ठरत नाही. आकार आणि वेग यांचे आकडे वेगळे ठेवावेत, म्हणजे भांडण कशावरून आहे ते तरी कळेल.

काम, वस्तू आणि फलित यांची गल्लत करू नये. ‘तीस गावांना भेटी’ हे काम झाले. ‘तपासून घेतलेल्या दोन हजार नोंदी’ ही वस्तू. ‘गावातल्या शाळेत मुले हा कोश उघडून पाहतात’ हे फलित. फलित करारात जरूर लिहावे, किंबहुना प्रत्येक भागीदाराने आपले फलित वेगळे लिहावे, म्हणजे राजांची चित्रे आणि विद्वानांचा पाठ दोन्ही कागदावर येतील. पण पैसे बांधायचे ते वस्तूशी. भेटींशी बांधले तर भेटी वाढतात, शब्द वाढत नाहीत. फलिताशी बांधले तर जे संकलकाच्या हातात नाही त्याची शिक्षा त्याला होते.

वस्तू कोणी तपासायची आणि किती दिवसांत, हेही लिहावे. तपासणारा तिन्ही पक्षांबाहेरचा असेल तर उत्तम. तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा मान्य समजावा. हे वाक्य नसेल तर उशीर फक्त काम करणाऱ्याच्या नावावर चढतो, कागद दाबून बसलेल्याच्या नावावर कधीच चढत नाही.

आणि प्रत्येक टप्प्याला साठा जमा व्हावा. ध्वनिमुद्रणाची प्रत, चिठ्ठ्या किंवा संगणकातल्या फायली, आणि नोंद कशी करायची याचे नियम, हे सगळे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे. संकलक आजारी पडला, बदली झाली, भांडण झाले, तरी नवा माणूस ते नियम वाचून पुढची नोंद करू शकेल का, ही त्या टप्प्याची कसोटी. ‘हो’ असे उत्तर येत नसेल तर शब्द कितीही जमलेले असोत, टप्पा झाला असे मी म्हणणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. संशोधन हे फर्म्यांत मोजण्यासारखे काम नाही, एखाद्या शब्दापाशी आठ दिवस जातात आणि ते आठ दिवस वाया गेलेले नसतात. मरे यांची बाजू हीच होती, आणि कोश आज उभा आहे तो त्यांनी ती सोडली नाही म्हणून. पण त्यांनाही तिमाही चौसष्ट पानांचा आधार झालाच असणार, कारण ठरलेले पुरे करून देणाऱ्या माणसाला जास्त वेळ मागण्याचा अधिकार मिळतो. नेमका टप्पा संशोधकाच्या डोक्यावरची टांगती तलवार असतो असे समजले जाते. माझ्या पाहण्यात मोघम टप्पाच त्याच्या मानेवर पडतो, कारण त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार नेहमी पैसे देणाऱ्याकडे जातो.

ऑक्सफर्डला शब्द थांबून राहिले होते. ते छापील पुस्तकांत होते आणि पन्नास वर्षांनीही तिथेच सापडले असते. महाभारताच्या पोथ्याही कपाटांत होत्या. आपल्या गावांतल्या बोली, होड्या बांधणाऱ्यांचे शब्द, जात्यावरच्या ओव्या, पिकांची आणि वाऱ्यांची जुनी नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. अशा कामाचा करारनामा लिहायला बसाल तेव्हा शेवटच्या तारखेआधी पहिला टप्पा लिहा, आणि तो इतका लहान ठेवा की या पावसाळ्याआधी पुरा होईल.